मुलांवर प्रेम करणारं गाव

आमच्या गावाच्या वेशीवर कमान झाली ती मुलांच्या पैशातून. हे मी कुजबुजून सांगत नाही, कॅप्टन एउतिक्योच्या तोंडावर सांगितलंय. गावचा कारभार त्याच्या हातात. मुलांसाठी म्हणून आलेला निधी त्याने सिमेंटमध्ये ओतला, वर दप्तरं घेतलेली गुटगुटीत मुलं रंगवली आणि लिहिलं, 'मुलांवर प्रेम करणारं गाव'. खाली स्वतःचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरांत.

माझ्या चौथीच्या वर्गाला मात्र दोन वर्षं छप्पर नव्हतं. वादळात उडालं ते उडालंच. पाऊस आला की मी वर्ग सोडायची, आणि आमच्या नेग्रोस बेटावर पाऊस काही विचारून येत नाही. एकेक पोर उसात गेलं. वर्गात सगळ्यांत सुरेख वाचणारी जर्लिनही गेली. तिच्या बापाला, नोंग इस्कोला, मी घरी जाऊन गाठलं.

"मॅम, शाळेत भिजली तर नुसता ताप येतो. उसात भिजली तर निदान घरात तांदूळ येतो," तो म्हणाला. "छप्पर घाला, दुसऱ्या दिवशी पाठवतो. शब्द आहे माझा."

छप्पर मागायला गेलं की कॅप्टनचं एकच, "निधी संपला, मॅम." पोरं उसात राबतात म्हटलं की हसायचा. "कुठे राबतात? मजुरांच्या हजेरीत एक तरी पोर दाखवा."

दाखवणार काय, कपाळ? इथे ऊसतोड उक्ती देतात. अख्खं शेत एका बापाच्या नावावर. त्याच्यामागे बायको राबो, पोरं राबोत, मालकाच्या लेखी मजूर एकच. सगळे हात झटकायला मोकळे.

यंदा कमान झाल्यानंतरचा पहिलाच हंगाम. साखर कारखाना सुरू झाला आणि उसाचा पहिलाच ट्रक कमानीत अडकला. बांधताना भरलेला ट्रक केवढा उंच असतो, हे या ऊसवाल्यांच्या गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. कॅप्टनच्या गाडीच्या मापाने बांधली असणार. मागे रांग लागली. तोडलेला ऊस उन्हात सुकायला लागला तसे मालकांचे फोन सुरू झाले. दुसऱ्या सकाळी कमान पाडायला पैसे हजर.

तेही काम उक्तं. नोंग इस्कोच्या नावावर. मी पोचले तेव्हा जर्लिन टोपलीतून सिमेंटचे तुकडे वाहत होती. बोटं सोललेली. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

तशीच शाळेत गेले आणि वर्ग घेऊन आले. पडत्या कमानीपासून दूर, पण मागे घेतलेल्या ट्रकांच्या बरोबर पुढ्यात, भर रस्त्यात पोरांना बसवलं. कॅप्टन धावत आला.

"मॅम, डोकं फिरलं का तुमचं? ट्रक खोळंबलेत."

"शाळा भरलीय. तिथेही छप्पर नाही, इथेही नाही. मग इथे काय वाईट?"

"अहो, ऊस सुकतोय."

"आणि पोरं सुकली तेव्हा कुठे होतास तू?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

एक ड्रायव्हर खाली उतरला. "टाका की चार पत्रे, कॅप्टन. आमची खेप बुडतेय."

नोंग इस्कोने पहार खाली ठेवली. "जा, इंदाय," तो पोरीला लाडाच्या हाकेने म्हणाला. "बस मॅमजवळ."

संध्याकाळच्या आत पत्रे आले. शहरातून नाही, कॅप्टनच्या कचेरीमागच्या खोलीतून. वादळानंतर लगेच आलेले. मोठ्या साहेबांना वाटपाच्या फोटोसाठी वेळ मिळाला नव्हता, म्हणून ठेवून दिले होते. "बघा, जराही गंजले नाहीत," कॅप्टन कौतुकाने म्हणाला. मी पाठ फिरवली आणि पत्रे मोजायला लागले. त्याच्याकडे बघितलं असतं तर हात उचलला असता.

पत्रे चढले आणि नोंग इस्कोने शब्द पाळला. जर्लिन वर्गात आली, जुना गणवेश गुडघ्यांच्या कितीतरी वर गेलेला. मी पुस्तक उघडून दिलं. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले, थांबली. पुन्हा सुरुवातीला गेली. पुन्हा थांबली.

"मॅम," ती हळूच म्हणाली, "मला पूर्वी येत होतं ना?"

"येत होतं," मी म्हणाले. मग त्या कॅप्टनला आईवरून शिवी हासडली, भर वर्गात, मोठ्याने. एकही पोर हसलं नाही.