हाताला बसणारा चाकू

खुर्च्यांना गाद्या आणि कव्हरं चढवणाऱ्या त्या माणसाला सगळे खुर्चीमास्तर म्हणायचे. "शाळेतले मास्तर पोरांना उभं करतात, आमचे मास्तर माणसांना बसवतात," हा त्यांच्या दोस्ताचा, चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या धारवाल्याचा विनोद होता. दर भेटीत तो हा विनोद नव्याने सुचल्यासारखा सांगायचा आणि मास्तरही दर भेटीत हसायचे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे मास्तरांचं बुटकं टेबल, मागे खिडकीशी त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र आणि मधे पाय वर करून पडलेल्या खुर्च्या. घर वरच्या मजल्यावर. मास्तर उसवायचे, बसवायचे, ठोकायचे, मास्तरीणबाई शिवायच्या. लग्नापासून दोघं एकाच खोलीत काम करत आलेली, त्यामुळे बोलणं कमी आणि हुंकार जास्त.

मास्तरांच्या उजव्या खिशात घडीचा चाकू असायचा. सुतळी कापायला, जुन्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उचकटायला, कातड्याची कड तासायला तोच. दुपारी धुऊन पुसून सफरचंद चिरायला तोच, आणि चष्म्याचा स्क्रू ढिला झाला तर तो पिळायलाही तोच. चाकू घरी राहिला तर मास्तरांना अनवाणी बाहेर पडल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी सकाळी पातं बाहेर येईना. पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढलं की नख सटकायचं. मास्तरांनी सांध्यात तेल सोडलं, रॉकेलने धुतलं, फुंकर मारली. काही केल्या हलेना. शेवटी इकडेतिकडे पाहून त्यांनी पातं दातांत धरून ओढलं.

"अहो, दात पडतील," मागून बायको म्हणाली. "आणा इकडे."

तिने एका ओढीत पातं उघडलं आणि चाकू मुठीकडून त्यांच्यापुढे धरला.

"तेल मी घातलं, म्हणून उघडला," मास्तर म्हणाले.

"हो, हो. तेल तुमचं, पुण्य माझं."

ती हसली, पण यंत्रावर बसल्यावर बराच वेळ तिने पाय हलवला नाही. शर्टाची बटणं लावायला हल्ली यांना वेळ लागतो, हे तिने पाहिलं होतं. डबा उघडताना तो छातीशी दाबून धरतात, हेही. विचारलं असतं तर ते खेकसले असते, म्हणून तिने विचारलं नव्हतं.

"चाकू म्हातारा झाला," संध्याकाळी मास्तरांनी जाहीर केलं. "नवा बघतो."

धारवाल्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. कात्र्या, सुऱ्या, वस्तरे यांना धार लावायची आणि चाकू विकायचे, असा त्याचा धंदा. मास्तर आणि तो लहानपणापासूनचे सोबती.

"या मास्तर! पोरांना उभं करणारे ते वेगळे..."

"पुढचं पाठ आहे मला. चाकू दाखव."

धारवाल्याने काउंटरवर मऊ कापड पसरलं आणि चाकू मांडले. मास्तर बोलायला लागले तसे त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. पातं तळहाताहून लांब नको, खिसा फाटतो. टोक फार निमुळतं नको, चुका उचकटताना मोडतं. पात्याची पाठ जाड हवी, म्हणजे वर अंगठा ठेवून जोर देता येतो. उघडल्यावर खटका बसला पाहिजे, नाहीतर बोटावर मिटतो. आणि मूठ अशी हवी की घामेजल्या हातातही फिरता कामा नये.

"बायको शोधतोयस का चाकू?" धारवाला म्हणाला.

"बायको न बघताच केली. चाकू बघूनच घेणार."

पहिला चाकू लाकडी मुठीचा, देखणा. मास्तरांनी खाचेत नख घातलं. सटकलं. त्यांनी तो बाजूला ठेवला, "घट्ट आहे." दुसराही घट्ट निघाला. तिसराही. धारवाला आता विनोद करत नव्हता. चौथा चाकू त्याने स्वतः सहज उघडून, मिटून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी ओठ आवळले. पातं जागचं हललं नाही.

"पंजा दाखव," धारवाला म्हणाला.

"पंजा कशाला? ज्योतिष बघतोस?"

धारवाल्याने त्यांचा हात धरून दिव्याखाली ओढला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा नाहीसा झाला होता. तिथे खळगा पडला होता, बशीसारखा. धारवाल्याने आपला हात शेजारी ठेवला. दोघांनीही पाहिलं.

"डॉक्टरला दाखव रे."

"गारठ्याने होतं असं."

"गारठ्याने मांस जात नाही."

मास्तरांनी हात झटकून सोडवून घेतला. पात्याला बारीक बोंडी असलेला एक चाकू होता, अंगठ्याने नुसतं ढकललं की उघडणारा. तो त्यांनी उचलला. दोनदा बोट घसरलं, तिसऱ्यांदा पातं खाडकन उघडलं. "हा घेतो," ते म्हणाले आणि धारवाला काही बोलायच्या आत पायऱ्या उतरले.

काही आठवडे तो चाकू बरा चालला. मास्तर उगीचच तो उघडून बायकोला दाखवायचे. मग उघडलेला चाकू मिटेना. खटका आत दाबायला अंगठ्यात जोर उरला नव्हता. ते उघडा चाकू टेबलावर ठेवून चहाला उठायचे, आणि बायको येता-जाता तो मिटून ठेवायची. याबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नाहीत.

डॉक्टरकडे शेवटी तीच घेऊन गेली. तपासण्या झाल्या, सुया टोचून झाल्या. डॉक्टर तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या.

"दुखणं हातात नाहीये," त्या म्हणाल्या. "हाताला हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्यात. हुकूम सुटतो, पण पोचत नाही."

"औषध?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"थोडं हळू करणारं आहे. परत आणणारं नाही."

"म्हणजे उजवा हात गेला," मास्तर म्हणाले. "डाव्याने शिकेन."

डॉक्टरांनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "डावाही जाईल. मग बोलणं, मग गिळणं. किती दिवसांत ते मला सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. "चाकू चांगला होता तर तो जुना," ते म्हणाले. "उगाच त्याला म्हातारा म्हटलं."

बायकोने त्यांचा हात धरला. लग्नानंतर रस्त्यात असा तिने कधी धरला नव्हता.

धारवाल्याला कळलं तसा तो दुसऱ्या दिवशी एक चाकू घेऊन आला. मिटायचा नाही, उघडायचा नाही. चामड्याच्या म्यानात राहणारा सरळ चाकू. मूठ त्याने स्वतः जाड करून आणली होती, वरून दोरी गुंडाळून.

"आता बोटांनी नको, अख्ख्या मुठीने धर," तो म्हणाला. "कुऱ्हाडीसारखा."

"कुऱ्हाडीने गाद्या शिवू होय रे?"

पण मास्तरांना तो आवडला. त्यांनी कमरेला म्यान लावलं आणि मूठ वळवून सुतळी कापली, कापड फाडलं. एक दिवसभर ते शीळ घालत होते. बायकोच्या मनात आलं, डॉक्टरांचंही कधी चुकत असेल.

त्याच आठवड्यात औषधांच्या दुकानदाराच्या आईची खुर्ची आली. म्हातारी तिच्यातच बसायची, तिच्यातच झोपायची. मूळ कातडं अजून चांगलं होतं, फक्त आतली गादी बदलायची होती. मास्तर पाठीमागचे टाके उसवत होते. हात अचानक, न सांगता, ढिला पडला. जाड मुठीचा चाकू वजनाने खाली आला आणि पाठीपासून बसायच्या जागेपर्यंत कातडं फाडत गेला.

यंत्र थांबलं. मास्तर त्या फाटलेल्या रेषेकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून गिऱ्हाइकाचं कातडं कधी फाटलं नव्हतं.

म्हातारी स्वतः काठी टेकत आली. मास्तरांनी जे झालं ते सांगितलं. तिने ओरडावं, निदान तोंड वाकडं करावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"असू द्या हो मास्तर," ती म्हणाली. "ठिगळ लावा. मी बसल्यावर कुणाला दिसतंय?"

ती गेल्यावर मास्तरांनी कमरेचं म्यान सोडवायला बायकोला सांगितलं. ते त्यांना सोडवता येत नव्हतं.

त्यानंतर ते टेबलाजवळ नुसते बसायचे आणि बायको त्यांचंही काम करायची. "तिरका धर," ते सांगायचे. "आता ओढ. अगं, ओढ म्हणजे खेच नव्हे!" ती म्हणायची, "इतकी वर्षं मुकाट होतात तेच बरं होतं." पुढे त्यांचे शब्द जड व्हायला लागले, दारू प्यायल्यासारखे. नवीन गिऱ्हाइकं तसंच समजायची आणि बायकोकडे कीव आल्यासारखी बघायची. आधी ती समजावून सांगायची. मग तिने तेही सोडलं. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर पडलेले असायचे. नाकावरची माशी तीच हाकलायची.

मास्तरांचे चाकू तिच्या हाताला मोठे पडत होते. एका दुपारी तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चला, आज मला चाकू घ्यायचाय. निवडून तुम्ही द्यायचा."

मास्तरांचे डोळे चमकले. पायांत अजून थोडा जीव होता. तिच्या खांद्यावर भार टाकत गल्लीच्या तोंडापर्यंत यायला त्यांना खूप वेळ लागला. धारवाल्याने स्टूल दिलं, कापड पसरलं, चाकू मांडले.

"वहिनी, तुमचा हात लहान. हे बघा यातलं."

तिने एकेक उचलून पाहिला. एक लाल मुठीचा होता, पिसासारखा हलका. उघडायला सोपा, मिटायला सोपा. तिने तो या हातातून त्या हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "कापडांच्या ढिगात हरवणार नाही," ती म्हणाली, आणि हसली. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी पात्याकडे पाहिलं. पाठ पातळ होती, पत्र्यासारखी. कातडं तासताना वरून अंगठा दाबावा लागतो. ही पाठ अंगठ्यात रुतणार होती, रोज, प्रत्येक खुर्चीला. शेजारीच जाड पाठीचा, लाकडी मुठीचा लहान चाकू पडला होता. तिच्या हाताला तोच बसला असता.

"पा..." मास्तर म्हणाले. मान ताणली. "पाठ..."

बायको लगेच वळली. "पाठ दुखतेय? या स्टुलाला टेकायलाही काही नाही. थांबा हं, आटपतेच."

"पाठ!" ते पुन्हा म्हणाले. डोळ्यांनी पात्याकडे खूण केली. पण तोवर ती त्यांच्या मागे जाऊन हाताने पाठ चोळायला लागली होती आणि धारवाला घाईघाईने लाल चाकू कागदात गुंडाळत होता.

"छान निवडलात, वहिनी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, त्याने पात्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मास्तरांनी ताणलेली मान सैल सोडली. पाठीवर फिरणारा हात थांबू नये असंही त्यांना वाटत होतं.

दोन-तीन खुर्च्यांतच तिच्या अंगठ्याला चर पडला. तिने चिंधी गुंडाळली. चिंधीवर रक्त उमटलं की ती चिंधी बदलायची. "कातड्याचं काम, असं व्हायचंच," ती स्वतःशीच म्हणायची. मास्तर समोर बसून ती चिंधी बघत राहायचे. आता त्यांच्या तोंडून शब्द येत नव्हता, नुसता आवाज यायचा, आणि आवाज आला की ती पाण्याचा चमचा घेऊन धावायची. म्हणून त्यांनी आवाज करणंही कमी केलं.

एकदा काम करता करता तिने लाल चाकू वर धरला.

"चांगला निवडला ना हो आपण?"

ती उत्तराची वाट बघत होती. मास्तरांनी मान हलवली, खाली, मग वर. हो.

तिने समाधानाने मान खाली घातली आणि पुन्हा अंगठा पात्यावर दाबला.

पुढे मास्तरांना जिना उतरवेना. ते वर खाटेवर पडून खालच्या शिवणयंत्राचा आवाज ऐकायचे. यंत्र थांबलं की ती चाकू चालवतेय हे त्यांना कळायचं, आणि ते मनात म्हणायचे, बस आता, अंगठा काढ. यंत्राचे थांबे दिवसेंदिवस लांबत गेले. एका दुपारी ते थांबलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही. भर दुपारी खालचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग जिन्यावर तिची पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. ती दारात आली तेव्हा चिंधी अख्ख्या पंजावर गुंडाळलेली होती; सुजलेल्या अंगठ्याने आता चाकू धरवत नव्हता.