बेटावरची दगडी डोण

मी पाणी साठवायची एक जुनी दगडी डोण आहे, मित्रांनो. लालबागच्या चाळीत, एका खोलीच्या दाराशी असते. पण मला घडवले ते दूर कोकणात, नदीतल्या एका बेटावर. तिथे ख्रिस्ती कोळ्यांचे लहानसे प्रार्थनाघर होते. पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरले आणि अंगावर क्रूस काढला. आया तान्ह्या बाळांना माझ्याजवळ आणत. पाद्रीबाबा माझ्यातले पाणी त्यांच्या कपाळावर घालत. बाळे रडत. मला ते रडणे फार आवडे.

पुढे नदीने बेट कुरतडले. माणसे काठावर राहायला गेली. पडक्या भिंतींचे दगड कुणी बांधाला नेले, कुणी विहिरीला. शेवटी एका पुरात बेटच गेले. मी चिखलात रुतून राहिले. रिकामे गलबत फार डोलू नये म्हणून धोंडू तांडेलाने मला उचलून तळाशी टाकले. मुंबईला पोचल्यावर मी त्याला नकोशी झाले. तेव्हा त्याच्या गावचा गिरणीकामगार गुणाजी मला हातगाडीवरून घरी घेऊन आला.

"अवो, ह्यो कसलो धोंडो हाडलात?" त्याची बायको मीराबाई म्हणाली.

"देवाघरचो आसा. पाय लावू नको हां."

तेव्हापासून मीराबाई मला रोज घासून पाण्याने भरू लागली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस आले. त्यांचा मुलगा जयवंत मोर्चाला गेला आणि परतलाच नाही. गोळीबार झाल्याचे कळले. पाठोपाठ संचारबंदी लागली. त्याच दुपारी त्याच्या बायकोला, राधाला, कळा सुरू झाल्या. इस्पितळात न्यायची सोय नव्हती. नळ रस्त्याकडेला, तिथे पोलीस उभे. घरात पाणी होते ते फक्त माझ्यात.

शेजारणी धावून आल्या. संध्याकाळी मुलगी झाली, पण ती रडेना. निळी पडली होती. मीराबाईने तिची पाठ चोळली, तळवे चोळले. मग धावत बाहेर येऊन माझ्यातून ओंजळ भरून नेली आणि तिच्या तोंडावर शिंपडली.

"रड गो बाय, रड!"

पोर रडली. केवढी रडली! माझ्यातले पाणी थरथरले, की मीच, कोण जाणे.

गुणाजी मात्र दारात बसून रस्त्याकडे बघत होता. सकाळी संचारबंदी थोडी उठली आणि जयवंत आला. हात गळ्यात बांधलेला, सदऱ्यावर रक्त. सगळे आतून बाहेर धावले, मीराबाईच्या कुशीत बाळ.

"मुलगी झाली," मीराबाई म्हणाली. "बापूस खंय गेलो म्हणून रात्रभर ओरडताहा."

तो हसायला गेला आणि रडू लागला. मग त्याने आपला चांगला हात माझ्यात बुडवून स्वच्छ धुतला आणि लेकीच्या गालाला हळूच बोट लावले.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही एखादा कोरलेला दगड धूळ खात पडला असेल. तो फोडण्याआधी त्याच्यावरून एकदा हात फिरवा. आणि त्याला खळगा असेल, तर त्यात थोडे पाणी भरून ठेवा.