होलिसचा विषय

कॉलेजात जाताना कोरिनाने जैवरसायन निवडलं असं म्हणता येणार नाही. तो विषय घरात आधीपासून होताच. तिचा थोरला भाऊ होलिस तोच घेऊन दोन वर्षं शिकला होता, पुढे मेडिकलला जाणार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी आला आणि एका सकाळी शेवंडांचे पिंजरे उचलायला एकटाच बापाची बोट घेऊन गेला. संध्याकाळी बोट खडकांपाशी गोल गोल फिरताना सापडली. इंजिन चालू, आत कोणी नाही. तटरक्षक दलाने शोधलं, गावातल्या झाडून सगळ्या बोटींनी शोधलं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं पाणी उन्हाळ्यातही माणसाला फार वेळ जगू देत नाही. होलिस सापडला नाही.

त्याच्यासाठी प्रार्थनासभाही झाली नाही. पाद्री विचारायला आले की आई, नदीन, म्हणायची, "अजून काही सापडलेलं नाही," आणि त्यांना कॉफी द्यायची. कोरिना कॉलेजला निघाली तेव्हा तिने होलिसची पेन्सिलने खुणा केलेली पुस्तकं खोक्यात भरून गाडीत ठेवली.

डॉक्टर व्हायची इच्छा मात्र कोरिनाची स्वतःचीच होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी ती गावच्या स्वयंसेवी रुग्णवाहिकेवर जायची. हॉस्पिटल तासाभराच्या अंतरावर. तेवढा वेळ म्हाताऱ्याकोताऱ्यांचा हात धरून बसायचं, हे तिला जमायचं, आणि आवडायचंही.

दुसऱ्या वर्षी मुख्य विषय पक्का करायची वेळ आली. गुण बरे होते. पण वेळापत्रकातली एक जागा भरायची म्हणून तिने धर्मांच्या अभ्यासाचा एक वर्ग घेतला होता. जगभरची माणसं आपल्या मेलेल्यांना निरोप कसा देतात, हा विषय. पहिल्याच तासाला ती रडू आवरत बसली. मेलेल्यांबद्दल कुणीतरी इतकं मोकळेपणी बोलताना ती कितीतरी दिवसांनी ऐकत होती. हळूहळू तिला तोच वर्ग हवासा वाटायला लागला.

कॉलेजातल्या सल्लागार पेट्राकिस बाई म्हणाल्या, "मेडिकलवाल्यांना रसायन, भौतिक, जीवशास्त्र झालेलं लागतं, आणि गुण लागतात. मुख्य विषय कोणता, याचं त्यांना फारसं देणंघेणं नसतं. घरी बोललीस का?"

घरी ती थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला बोलली.

"धर्मांचा अभ्यास?" नदीनने हातातला काटा खाली ठेवला. "पाद्रीण व्हायचंय का तुला?"

"डॉक्टरच व्हायचंय, आई."

"मग डॉक्टर होणारी पोर जैवरसायन सोडून जगातले देव मोजत बसते?"

"नदीन, तिला बोलू तरी दे," व्हर्नन, कोरिनाचा बाप, म्हणाला.

"तू गप्प बस. इतकी वर्षं गप्पच आहेस, आत्ता कशाला तोंड उघडतोस?" मग तिचा आवाज खाली आला. "त्याचं अर्धं राहिलंय, कोरी. तू पुरं करतेयस, असं सांगत असते मी लोकांना."

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस केलं. पण आई, पुस्तकात जिथे त्याच्या खुणा संपतात ना, तिथून पुढे मला वाचवत नाही."

नदीन उठली आणि भरलेली ताटं तशीच सिंकमध्ये नेऊन ठेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी व्हर्नन शेडमध्ये पिंजऱ्यांना जाळी लावत होता. कोरिना शेजारी जाऊन बसली.

"मला वाटायचं, तुलाच ते शिकायचंय," तो म्हणाला.

"मला वाटायचं, तुला हवंय."

"मला?" तो हसायला गेला, पण डोळे भरून आले. "मला फक्त वाटायचं, तू बोटीवर कामाला येऊ नयेस. एवढंच."

कोरिना परत जायला निघाली तशी नदीन बाहेर आली आणि गाडीत तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. काचेतून बंदराकडे बघत तिने विचारलं,

"ज्यांचं माणूस समुद्रातून येतच नाही, ती लोकं काय करतात, ते शिकवतात का तुमच्यात?"

"शिकवतात. फ्रान्सजवळच्या एका बेटावर मेणाचा छोटासा क्रूस करायचे. तेच आपलं माणूस समजून रात्रभर त्याच्यापाशी बसायचे. मग मिरवणुकीने चर्चमध्ये नेऊन ठेवायचे."

"आणि मग?"

"मग घरी यायचे."

"म्हणजे वाट बघायची थांबवायचे."

नदीनने तिचा हात घट्ट धरला. "मला नाही गं जमणार मेणाचं वगैरे," ती म्हणाली. "पण पाद्र्यांना बोलवूया."

वसंतात धक्क्यावर सगळं गाव जमलं. व्हर्ननने मुलाचं नाव मोठ्याने घेतलं, आणि बोटींनी फुलं पाण्यात सोडली. नदीन दोन्ही हात पोटाशी घेऊन उभी होती. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी सकाळपर्यंत झोपली.

कोरिनाने विषय बदलला. तो नदीनच्या कधी पचनी पडला नाही. शेजारणींना ती नुसतंच सांगायची, "मेडिकलची तयारी करतेय." पहिल्या खेपेला कोरिनाला कुठेच प्रवेश मिळाला नाही. "मी म्हटलं होतं," नदीन बोलून गेली, आणि मग दिवसभर लेकीच्या आवडीचं काहीबाही शिजवत राहिली. कोरिना वर्षभर रुग्णवाहिकेवर राबली आणि पुन्हा अर्ज केले. या खेपेला एका मेडिकल कॉलेजने तिला घेतलं.

बातमी आली तेव्हा व्हर्नन समुद्रावर होता. नदीनने घरातल्या वायरलेसवरून त्याला कळवलं. त्याने बोटीवरचा वायरलेस उचलून सगळ्यांना सांगितलं. मग एकेका बोटीवरून उत्तरं यायला लागली. कुणी अभिनंदन केलं, कुणी आपल्या दुखऱ्या गुडघ्याचा नंबर आधीच लावून ठेवला. नदीन स्वयंपाकघरातल्या वायरलेसच्या संचापाशी बसून ती सगळी ऐकत होती, आणि प्रत्येक आवाज कुणाचा ते कोरिनाला सांगत होती.