शेवंतीवरचं खोकं

मुगाएवढा हिरवा दाणा... बोटाच्या टोकाला तो कालही लागला होता, आणि कावेरीने त्याला कळी समजून दिवसभर मनात जपलं होतं. आज सकाळी नखाने हलकेच उलगडून पाहिलं तर आत नुसती पानं, एकात एक मिटलेली — आणि शेजारी फरशीवर, कुंडीवर असायला हवं होतं ते पुठ्ठ्याचं खोकं.

"मीच काढते रोज," कॉफी फुंकत सकवारबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या. "तू निजलीस की काढते, पहाटे पुन्हा घालते. आज विसरले बघ. जिवंत झाड कोंडतात का गं? स्वल्प वारा नको तिला?"

खाली कॅब येऊन थांबली होती; कावेरीने पर्स उचलली. शेवंतीला फुलायला लांब काळोखी रात्र लागते, हे कावेरीला तरी आधी कुठे ठाऊक होतं. बाल्कनीच्या तोंडाशी रस्त्याचा नवा पांढरा दिवा लागला आणि तेव्हापासून शेवंती नुसतीच पानांनी माजली. दिव्याला आडोसा लावा म्हटलं तर खांबावरचा माणूस हसला होता — दिवा नाही म्हणून सगळे ओरडतात, मॅडम, दिवा आहे म्हणून तुम्हीच पहिल्या. म्हणून मग खोकं. गणपती झाल्यापासून रोज धापा टाकत घरी यायचं, चप्पल काढायच्या आधी खोकं घालायचं... सगळं पाण्यात.

ऑफिसला जाताना व्हाइटफील्डच्या वाटेवर कॅब अडून राहिली. डोळे चुरचुरत होते. पुरी झोप शेवटची कधी झाली होती? आईचं निपाणीचं घर विकलं तेव्हा तिने आणली ती शेवंतीची एवढीच फांदी. पुढच्या आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध, आणि फोटोला आईच्याच शेवंतीचं फूल हवं, बाजारातलं नको, हा तिचा एकच हट्ट... आई दिवेलागणीनंतर तुळशीचं पानही खुडू द्यायची नाही, अंगणातला बल्ब लगेच मालवायची — निजू दे गं त्यांना. तेव्हा आपण हसायचो. आता हसू येत नव्हतं, राग येत होता, सासूबाईंचा, चांगला सणसणीत. घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते ती सिग्नलागणिक घोकत राहिली.

संध्याकाळी सकवारबाई कुंडीपाशी पाट टाकून बसलेल्या दिसल्या. दिवा लागला होता. त्या उजेडात त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला पहिल्यांदाच दिसली.

"अत्ते," कावेरी सासूबाईंना म्हणाली, "अंधाराशिवाय फुलत नाही ती."

"मग सांगायचं नाही का?" त्यांनी खोकं जवळ ओढलं. "मला वाटलं, तिलाही माझ्यासारखंच होतंय. तो मेला दिवा थेट डोळ्यांत येतो, झोप लागत नाही गं. मग उठते, हिच्याशी बोलत बसते."

घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं. एका घरात, शेवंती धरून, तिघी जाग्या — आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

सकवारबाईंनी स्वतःच खोकं उचललं, कुंडीवर ठेवलं, वरून हात फिरवला. "निज आता," त्या म्हणाल्या, "सरी, बरं का?"

श्राद्धाला फूल येणार नव्हतं, हे कावेरीला कळून चुकलं होतं. रडायला हवं होतं, पण रडण्याचेही कष्ट वाटत होते. ती तिथेच भिंतीला टेकली, ओढणी डोळ्यांवर ओढली आणि वाट पाहत राहिली... आत जाता जाता सासूबाई तिलाही तसंच म्हणतील का, याची.