सवतीच्या घरी

अंतराळयानांशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रातल्या त्या अवाढव्य पांढऱ्या अँटेनाला आजी आयुष्यभर सवत म्हणत आल्या. आजोबा तिथे ऑपरेटर. पाळीवरून आले की झोपायचे, आणि जागे असले की तिचंच कौतुक. वर्षातून एकदा घरच्यांना केंद्र बघायला बोलवत. आजोबा आर्जवं करायचे, "चल की एकदा." आजी म्हणायच्या, "सवतीच्या घरी जायची हौस नाही मला," आणि कामाला लागायच्या.

आजोबा गेले, त्यानंतर वर्षभराने नातीने हट्टच धरला, म्हणून आजी तिथलं संग्रहालय बघायला आल्या.

जुनी कंट्रोल रूम जशीच्या तशी ठेवली होती. हिरवट पडदे, बटणांच्या रांगा, झिजलेल्या खुर्च्या. आजींनी चहूकडे पाहिलं.

"खिडकी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"खिडकी नव्हतीच, आजी," माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले. "अँटेना बाहेर. आम्ही इथे आत, कानाला हेडफोन लावून."

आजींना आजवर वाटायचं, आपला नवरा दिवसभर तिच्याकडे टक लावून बसतो.

"माझे आजोबा इथेच होते," नातीने नाव सांगितलं. गृहस्थ एकदम वळले.

"अरे! मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. फार भला माणूस. घरच्यांच्या दिवशी ड्यूटी कायम तेच मागून घ्यायचे. म्हणायचे, माझ्याकडचं कुणी यायचं नाही, तुम्ही पोरांना हिंडवा. आम्ही बायकामुलांना घेऊन अँटेनाखाली फोटो काढायचो आणि हे इथे एकटे."

बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते ओशाळले. "म्हणजे, तुम्हाला सवड नसेल..."

"सवड होती," आजी म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या. अँटेना इतकी सावकाश वळत होती की नजर हलवली तर कळू नये. आजींना ती सुंदर वाटली, आणि तेच मनाला जास्त लागलं. हे सांगायचं कुणाला?

"आजी, मग तू कधी आली का नाहीस गं?"

"मी रागावले होते."

"कशावरून?"

आजींनी आठवून पाहिलं. पहिल्या वर्षी काहीतरी झालं होतं खरं, पण काय ते काही केल्या आठवेना. नातीने फोटोसाठी हाक मारली, तेव्हा पदर सारखा करून त्या अँटेनाखाली उभ्या राहिल्या. शेजारी एका माणसापुरती जागा सुटली होती. ती त्यांनी भरून काढली नाही.