चार सेकंदांची जागा

“पूल कोसळला, ते ऐकलं मी. पण तो माणूस काय करतोय?” चंद्रकांतने विचारले.

विजयालक्ष्मीने चित्रपट थांबवला. अंध प्रेक्षकांसाठी पडद्यावरचे दृश्य शब्दांत लिहून द्यायचे, संवादांच्या मधल्या रिकाम्या जागांत बसेल एवढेच, हे तिचे काम. या जुन्या जपानी राक्षसपटाचे वर्णन उद्या टोरोंटोच्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचे होते. काचबिंदूमुळे चंद्रकांतची बसचालकाची नोकरी सुटल्यापासून प्रत्येक मसुदा ती आधी त्याला ऐकवत असे.

“अहो, दीपगृहाचा रखवालदार आहे तो. मुलीला बोटीत बसवून स्वतः मागे राहिलाय, भोंगा वाजवायला. आवाजाने तो प्राणी इकडे वळतो, बोटी सुटतात.”

“मुलगी काय म्हणाली निघताना?”

“काही नाही. भांडणच झालं होतं त्यांचं.”

“आणि तू शेपटीचं वर्णन करत बसलीस?”

“चार सेकंदांची जागा आहे हो! ऋचा म्हणते, विजूताई, लोक मॉन्स्टरसाठी बघतात, तो मिस नको व्हायला.”

ऋचा तिची वरिष्ठ. तिला मसुदा पसंत पडला नाही, तर पुढचा चित्रपट मिळणार नव्हता.

“तिला म्हणावं, मॉन्स्टर स्वतःच ओरडून सांगतो कुठे आहे ते. माणसं गप्प असतात.”

विजयालक्ष्मीने ते चार सेकंद पुन्हा पाहिले. मग आणखी एकदा. इतके दिवस तीही शेपटीकडेच पाहत होती.

“अहो, धुकं आहे. दोन बोटी आहेत. तो चुकीच्या बोटीकडे बघून हात हलवतोय.”

चंद्रकांत पुढे सरकून बसला. “मुलीला कळतं ते?”

“कळतं. तीही हात वर करते.”

“त्याला दिसतो?”

“नाही.”

तो पुन्हा मागे टेकला. मग म्हणाला, “तेवढंच लिही.”

तिने शेपटीची ओळ खोडली.

सकाळी बर्फ पडत होता. स्टुडिओला निघालेली विजयालक्ष्मी थांब्यावर उभी होती. खोदकामामुळे बसथांबा रस्त्याच्या पलीकडे हलवला होता. चंद्रकांतला ते सांगायचे राहूनच गेले होते. तिने वर पाहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कोट घालून तो उभा होता आणि जुन्या, रिकाम्या थांब्याकडे तोंड करून हात हलवत होता.

विजयालक्ष्मीने हातमोजा काढला आणि हात वर केला. बस येईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.