एकशे ऐंशीवा दिवस

हलकं काहीतरी खाऊन या. रिकाम्या पोटी आलात तर चक्कर येईल. पोट फुटेस्तोवर खाऊन येणार असाल तर तुमच्या पाठीला बांधलेल्या माणसाचा थोडा विचार करा.

·

हॉस्पिटलच्या चादरीची घडी दोघांनी घालायची असते. आधी उजवी बाजू, मग डावी. उलटं केलं तर कपाटातली चळत एका अंगाला कलते.

·

लाँड्रीच्या मागच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत.

·

लाल दोरा. त्याच्या टोकाला शिशाचा मणी, मिरीएवढा, चिमट्याने दाबून चपटा केलेला.

·

अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम, बुटांसकट.

·

हे वजन आईचं. काट्याजवळच्या पोरीने ते मोठ्या वहीत लिहिलं आणि म्हणाली, काकू, शंभरपर्यंत चालतं, तुमच्यात तर अजून एक नातू मावेल. मग आपण कुणाशी बोलतोय ते तिच्या लक्षात आलं आणि ती वहीत तोंड खुपसून बसली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी चांगली होती. बारक्याच्या वेळी तीन दिवस घरी येऊन बसली होती, काही न बोलता भांडी घासून जायची.

बारक्या म्हणजे आईचा मुलगा. सहा फूट उंच आणि काठीसारखा, म्हणून मित्रांनी बारक्या नाव ठेवलेलं. या मैदानावरच्या हँगरमध्ये, विमानाच्या शेडमध्ये, तो पॅराशूटच्या घड्या घालायचा.

पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला एकट्याला सोडत नाहीत. त्याला शिकवणाऱ्याच्या छातीला बांधतात. इथे शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरच्या पाठीवर एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात. एक नेहमीचं, जे प्रत्येक उडीनंतर नव्याने बांधतात. दुसरं राखीव. पहिलं दगा देईल तेव्हा उघडायचं, म्हणजे बहुतेक कधीच नाही. हे राखीव बांधायचा परवाना हँगरमध्ये एकट्या बारक्याकडे होता. बांधून झालं की तो लाल दोरा ओवायचा, शिशाचा मणी दाबायचा, कार्डावर तारीख घालून सही करायचा. तिथून एकशे ऐंशी दिवस. त्यानंतर ते वापरलेलं असो वा नसो, उघडायचं, वाऱ्यावर टांगायचं, नव्याने बांधायचं. नियमच तसा.

बारक्या गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने एक राखीव बांधलं होतं. त्याच्या हातचं, अजून न उघडलेलं, हे एवढंच उरलं होतं. आज त्याचा एकशे ऐंशीवा दिवस. उद्या दुसऱ्या गावाहून नवा माणूस येऊन ते उघडणार होता.

आईला आज ते पाठीशी घेऊन उडी मारायची होती.

·

बूट नाडीचे घाला. चपला आकाशात राहतात, तुम्ही खाली येता.

·

सूचनांचा हा कागद बारक्याने लिहिला होता. पहिल्यांदा येणारे लोक तेच तेच विचारायचे, मास्तर तेच तेच सांगून वैतागायचा, म्हणून एका दुपारी बारक्याने बसून दोन पानं लिहून काढली. ती अजून ऑफिसच्या दारावर आहेत. आईने त्यांची एक प्रत मागून नेली होती आणि महिनाभरात ती तिला पाठ झाली. कामावर, हॉस्पिटलच्या लाँड्रीत, चादरी मोजताना ती मनात म्हणायची, केस घट्ट बांधा, बांगड्या, साखळ्या, कानातलं घरी ठेवा, खिशात काही ठेवू नका.

आश्चर्य म्हणजे, हे लिहिणाऱ्याने स्वतः कधी उडी मारली नव्हती.

कामावर लागला त्या दिवशी आईने त्याच्याकडून शब्द घेतला होता. जमिनीवर राहून काय करायचं ते कर. वर जायचं नाही. त्याने हसत हो म्हटलं. आठ वर्षं पाळलं.

आणि मग एका मंगळवारी, आईला उशीर होत होता म्हणून, तो लाँड्रीच्या मागच्या जिन्यावरून तिच्यासाठी ओल्या चादरींचं गाठोडं घेऊन उतरत होता. चौथ्या पायरीवर पाय सरकला. चौथी, म्हणजे खालून चौथी. तिथून मूलसुद्धा उडी मारतं.

·

दारात पोचलात की केळ्यासारखे व्हा. डोकं मागे, मास्तरच्या खांद्यावर. पाय मागे, विमानाच्या पोटाखाली. हात छातीवरच्या पट्ट्यांना. खाली बघू नका. बघणारच आहात, तरी सांगून ठेवतो.

·

सकाळी सात वाजता आई आली तेव्हा वारा होता. मैदानावरची वारा दाखवणारी नारिंगी कापडी नळी आडवी ताठ झाली होती. मास्तर म्हणाला, थांबू. दहाला म्हणाला, थांबू. आलेल्या दहा-बारा जणांपैकी निम्मे दुपारी निघून गेले. एक नवरा-बायको गाडीत बसून भांडत राहिले, उडी कुणाच्या डोक्यातून निघाली यावरून.

आई हँगरमध्ये बाकावर बसली. समोर बारक्याचं लांब टेबल. त्याखाली त्याची चप्पल होती, कुणी हलवली नव्हती. मास्तर मधूनमधून येऊन शेजारी बसायचा, तब्येतीचं विचारायचा. ब्लडप्रेशरची चिठ्ठी तिने आणली होती, डॉक्टरची सही होती. दुपारी त्याने विषय काढला. म्हणाला, काकू, एक सांगू का, हे राखीव आपल्या पाठीवर असेल पण उघडणार नाही. पहिलं नीट उघडलं की ते पिशवीतच राहणार. तुम्हाला काही दिसणार नाही, काही कळणार नाही.

आई म्हणाली, मला ते माहीत आहे. तिने दुसरं काही मागितलं नाही.

·

पहिले काही सेकंद श्वास घेता येत नाही असं वाटेल. येतो. ओरडा, म्हणजे आपोआप येईल. वर शेजारीपाजारी नसतात.

·

सव्वापाचला नळी लोंबली. मास्तरने आकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि पोरीला म्हणाला, एक फेरी होईल. एकच.

आईला निळा पोशाख चढवला. मांड्यांना, खांद्यांना पट्टे आवळले. मास्तरने पाठीवर पिशवी घेण्याआधी तिला बोलावून कप्प्यातलं कार्ड दाखवलं. त्यावरच्या तारखेप्रमाणे आजचा दिवस चालतो, उद्याचा नाही. खाली बारक्याची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर गेलेली. शाळेच्या वहीतही तो असंच करायचा आणि छड्या खायचा.

विमान लहान होतं. आत सीट नव्हत्या. सगळे एकमेकांच्या पायांत पाय घालून फरशीवर. आई पुढे, मास्तर तिच्या मागे. चढायला वीस मिनिटं. खाली लाँड्रीची चिमणी आधी सापडली, मग हरवली. कान दडपले तेव्हा तिने आवंढा गिळला. कागदात तसंच लिहिलं होतं. मास्तरने तिचे चारही हूक स्वतःला अडकवले, खांद्याचे दोन, कमरेचे दोन, आणि एकेक ओढून बघितला.

आईने मान वळवली. इंजिनाच्या आवाजात तिला जोरात बोलावं लागलं. "त्याने कधी तुमच्याकडे मागितली होती का, उडी?"

मास्तरने हूक पुन्हा तपासले. ते तपासून झाले होते.

"दरवर्षी," तो तिच्या कानाशी म्हणाला. "वाढदिवसाला. सकाळी आल्या आल्या काट्यावर उभा राहायचा. पोरीला वहीत वजन लिहायला लावायचा. मी म्हणायचो, चल, घाल हार्नेस. तर हसायचा. म्हणायचा, आईला विचारून येतो."

"मला कधी विचारलं नाही."

"माहीत आहे."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं." हे ती कुणाला म्हणाली ते मास्तरला कळलं नाही.

तेरा हजार फुटांवर दार उघडलं.

गार वारा एकदम आत शिरला. आई पुढे सरकली, शिकवलं होतं तशी, बसल्या बसल्या. दाराशी आली. डोकं मागे टाकलं. पट्टे धरले. पाय बाहेर काढले. पायांखाली पांढरं होतं. मैदान नाही, रस्ता नाही, चिमणी नाही. चढताना नसलेला ढग आता या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता.

विमानाने एक फेरी मारली. मग दुसरी. सूर्य ढगाच्या कडेला टेकला. वैमानिकाने मागे वळून हात आडवा हलवला.

मास्तरने आईला आत ओढलं. ती दाराच्या कडेला धरून राहिली. म्हणाली, "मास्तर, ढगच आहे तो. त्यात काय लागायचंय कुणाला?"

"काकू, जमीन दिसत नाही."

"तो आहे ना पाठीशी."

मास्तरने कागदातलं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं, कारण त्यालाही ते पाठ होतं. "जमीन दिसल्याशिवाय मास्तर उडी मारणार नाही. विनवण्या करू नका. मास्तरच्या घरी माणसं आहेत आणि तुमच्याही."

आईने दार सोडलं.

·

कधीकधी विमानातून गेलेलं माणूस विमानातूनच परत येतं. त्यात लाज नाही. चहा प्या. परत या.

·

उतरताना मास्तरने हूक सोडले, नियमाप्रमाणे. खाली चाकं टेकली तेव्हा आईने पाय वर उचलून धरले होते. उतरताना पाय वर धरा, असं कागदात होतं. ते पॅराशूटने उतरणाऱ्यांसाठी होतं. तिला कुणी सांगितलं नाही.

हँगरमध्ये दिवे लागले. मास्तर म्हणाला, कधीही या, उद्या या, परवा या, मी स्वतः नेईन. नवीन राखीव बांधलेलं असेल. आई म्हणाली, उद्या कामावर आहे. मग तिने विचारलं, उद्या तो माणूस येऊन हे उघडणारच ना. मास्तर म्हणाला, हो. ती म्हणाली, मग मीच उघडते.

परक्याला राखीव पॅराशूटला हात लावू देत नाहीत. तरी मास्तरने पिशवी बारक्याच्या टेबलावर ठेवली आणि तिची बोटं राखीव उघडायच्या चांदीसारख्या कडीवर नेऊन ठेवली. म्हणाला, एका दमात ओढायचं, कचरायचं नाही.

तिने ओढलं. लाल दोरा तुटला. मणी फरशीवर कुठेतरी टपकला. मोठ्याला ओढून काढणारं स्प्रिंगचं छोटं पॅराशूट टुणकन उडून तिच्या छातीला आपटलं आणि खाली पडलं. त्यानंतर काही झालं नाही. बाकीचं वाऱ्याशिवाय बाहेर येत नाही, हाताने काढावं लागतं. मास्तरने आतली पिशवी ओढून काढली, दोऱ्या सोडल्या, आणि गठ्ठा तिच्यासमोर ठेवून दोन पावलं मागे झाला.

पांढरं, निसरडं कापड. दोन खोल्या भरतील एवढं, उशीएवढ्या जागेत. आईने तीस वर्षं घड्या घातल्या होत्या. तिने वरचा पदर उचलला, त्याखालचा उचलला, आणि थांबली.

"डावी आधी," ती म्हणाली.

मास्तरला कळलं नाही. तिने सांगितलं. बारक्या डावखुरा. लहानपणी चादरींना हात लावायचा तेव्हा डावी बाजू आधी आणायचा. ती ओरडायची. तो घालून गेला की ती सगळ्या घड्या मोडायची आणि उजवीकडून पुन्हा घालायची. कपाटातली चळत कलते म्हणून. मोठा झाला तरी त्याने सोडलं नाही आणि तिनेही नाही. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत.

"इथे चालतं का असं?" तिने विचारलं.

"दोन्ही चालतं, काकू. उघडतं."

तिने मान हलवली. कापडावर घड्यांच्या रेघा अजून ठसठशीत होत्या. हाताने सारखं करायची तिची सवय. तळवा कापडावर गेला, आणि तिने तो परत घेतला. मास्तरने टांगायची दोरी आणली होती. ती म्हणाली, राहू दे थोडा वेळ असंच. तो दोरी हातात घेऊन उभा राहिला. काट्याजवळच्या पोरीने वही मिटली नव्हती. आज पुन्हा कुणाचं वजन घ्यायचं नव्हतं, तरी.

·

शेवटच्या वाढदिवसाला त्याचं वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम होतं, बुटांसकट.